बांगलादेशाचं कर्ज आणि गावचा पैरा

ते पहिलं व्याख्यान फसलं असतं तर पुढची सगळी माझ्या हातून गेली असती. खेड्यापाड्यांत जाऊन बोलणं हे बायकांचं काम नव्हे, असं आमच्या विभागप्रमुखांचं स्पष्ट मत होतं. मी कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवत होते, वय चोवीस. लहान तोंडी मोठा घास घेत त्यांना म्हटलं, एकदा पाठवून तर बघा.

विषय होता, बांगलादेशाला पुन्हा उभं राहण्यासाठी आपण दिलेलं कर्ज. लढाई संपून अजून वर्ष व्हायचं होतं. पेठ वडगावजवळच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात मी कागद काढले आणि व्याज, मुदत, परतफेड असं धडाधड वाचत सुटले. दहा मिनिटांत मागची रांग तंबाखू मळायला उठून गेली. मला राग आला, तोही माझाच.

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला थांबवलं. पावसानं दगा दिलेला, गावच्या विहिरी आटलेल्या. आपल्याच घरात नड असताना शेजाऱ्याला कर्ज कशाला, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्या कागदांत नव्हतं. मी कागद पिशवीत कोंबले आणि त्यांनाच विचारलं, पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याचा बैल मेला तर तुम्ही काय करता?

"माझा देतो की. पैरा करतो."

बैल आणि हात एकमेकांना उसने द्यायचे, त्याला आमच्याकडे पैरा म्हणतात. म्हणजे मदतच की, मी म्हटलं.

"मदत न्हवं, बाई. मदत घेतली की मान खाली जाते. पैरा फेडता येतो."

"आणि साल वाईट असलं तर?"

"वाईट सालातच पैरा लागतो. चांगल्या सालात कोन मागतंय?"

त्यानंतर मी तासभर बोलले, एकही कागद न बघता. शेजाऱ्याचं रान पडीक राहिलं की त्याचं तण आपल्या बांधावर चढतं, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागची रांगही परत येऊन बसली होती. मी जाम खूश होते.

आठवड्यानं सरपंचांचं कार्ड आलं. प्रमुखांनी ते वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. पुढच्या खेपेलाही ह्याच बाईंना पाठवा, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: येताना कागद आणू नयेत.