अर्ध्या अनुभवाचा छप्परवाला

"तुमच्या कंपनीत माणसं किती?" असं फोनवर कुणी विचारलं, की छप्परवाला म्हणायचा, "सगळी कामावर गेलीत." खोटं नव्हतं ते. माणूस एकच होता आणि तो बहुतेक कामावरच असे. मालक, हिशेबनीस, हमाल, सगळं तोच. फक्त शिडी धरणं आणि चढणं एकाच वेळी जमेना, म्हणून तेवढ्यापुरता रोजंदारीचा गडी. संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत भाजी एकट्यापुरती करायला जावी, तर ती हटकून दोघांची होई. मग उरलेली सकाळी खायची आणि चांगली झाली होती, असं आपलं आपल्यालाच सांगायचं.

गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्यांनी नेली. आता सरकारी दवाखान्याच्या छपराचं टेंडर मिळालं तरच दुकान राहणार, नाहीतर कुलूप. अट होती मोठ्या कामांच्या अनुभवाची. तसली कामं त्यानं केली होती, पण धाकट्या भावाच्या भागीदारीत. म्हणून कचेरीत त्याचा अनुभव अर्धाच धरला.

"अर्धा म्हणजे काय हो बाई? मी काय छपराची डावी बाजूच शिकलोय?"

खिडकीमागच्या बाई हसल्या. "काका, दोन लहान कंपन्यांना मिळून टेंडर भरता येतं. उरलेला अर्धा ज्याच्याकडे असेल, त्याला घेऊन या की."

उरलेला अर्धा चार गल्ल्या सोडून राहत होता. गड्यांदेखत छप्परवाला, म्हणजे त्याचा दादा, एकदा त्याला बोलून गेला होता, "तुझ्यापेक्षा ही शिडी शहाणी." धाकट्यानं त्याच दिवशी आपली हत्यारं उचलली आणि वेगळा धंदा मांडला. तेव्हापासून भाऊ समोर आला की दादाला चप्पल नीट करावीशी वाटे आणि धाकट्याला आभाळ बघावंसं.

दादा त्याच्या दारात उभा राहिला.

"कोण गेलं?" धाकट्यानं विचारलं.

"कुणी नाही. टेंडर आहे."

"मग शिडीला घे की भागीदार. शहाणी आहे ती."

"तिला सही येत नाही रे."

आतून भावजय खुदकन हसली. धाकटा हसला नाही, पण सही केली. "तू तुझ्या बाजूला, मी माझ्या," एवढं मात्र बजावलं.

काम मिळालं. दवाखान्याच्या छपराला दोन उतार. दादा अलीकडे, धाकटा पलीकडे. दिवसभर पलीकडून हातोडा ऐकू येई, माणूस नाही. डबा दादा एकटाच खाई. दुकानातलं एकटेपण बरं होतं, तिथं निदान पलीकडे कुणी नव्हतं.

शेवटी उरला आढ्यावरचा पत्रा. तो दोन्ही बाजूंनी धरल्याशिवाय बसत नाही. धाकटा गड्याला पाठवेल, असं धरून दादा वर चढला. समोरून डोकं वर आलं, ते धाकट्याचंच. केस पार पिकलेले.

"धरलंय, दादा."

दादानं मान खाली घालून स्क्रू आवळायला घेतले. एक, मग दुसरा, अगदी सावकाश.

"झालं ना? उतरू?"

"थांब. ढिला वाटतोय," दादा म्हणाला आणि घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा पिळू लागला.