मॅलकीचं निदान

१४ नोव्हेंबर १९९१, गुरुवार. दाट धुकं. मॅलकी टॅन्सी सकाळी येतो म्हणाला होता, चहाच्या वेळी उगवला.

मॅलकी आमच्या गावचा हीटिंगवाला, घरं गरम ठेवायची यंत्रणा दुरुस्त करणारा. भिंतींना कागद तोच लावतो, प्रेतयात्रेत गातोही तोच, आणि तिन्ही कामं सारख्याच बेसूरपणे करतो. अंगातला कोट काढायच्या आत त्याचं निदान तयार असतं: पंप. गॅफनींच्या बॉयलरच्या टाकीतलं तेल संपलं होतं, तरी यानं पंप बदलला.

माझ्या नणंदेला, अट्रॅक्टाला, छातीचा विकार. माडीवरच्या तिच्या खोलीतला गरम पाण्याचा रेडिएटर महिनाभर गार पडलेला. डॉक्टर परवाच बजावून गेले: शनिवारपर्यंत खोली उबदार झाली नाही, तर तिला शहरातल्या नर्सिंग होममध्ये हलवायचं. ती रडली नाही. जपमाळ आणि सपाता गुपचूप पिशवीत भरून बसली. मला ते बघवेना.

सोमवारी मॅलकीनं नवा पंप बसवला होता. फरक शून्य.

"जुनं घर आहे, मिसेस. पाणी वर चढायला कंटाळतं."

"शेजारच्या खोलीत बरं कंटाळत नाही?"

"मग हवा अडकली असेल."

मी चावी घेऊन रेडिएटरचा हवा सोडायचा वरचा स्क्रू सैल केला. हवा नाही, थेट पाणीच आलं. त्याच्या बुटावर.

"मग गाळ. सगळे पाइप धुवावे लागतील. वसंतात बघू."

"वसंतात मी इथं नसेन, मॅलकी," अट्रॅक्टा पलंगावरून म्हणाली. "तुझं गाणं ऐकायचं टळेल, तेवढाच फायदा."

मी पाइपांना हात लावला. आत येणारा चटका देत होता, परत जाणारा थंडगार. परतीच्या झडपेवरची प्लास्टिकची टोपी भिंतीच्या कागदाच्या खळीनं माखलेली दिसली, तेव्हा उलगडा झाला. ऑक्टोबरात शेजारपाजारची मिस्सा, म्हणजे फादरांची प्रार्थना, आमच्या घरी व्हायची पाळी होती. अशा वेळी फादर जिथं पाऊलही टाकणार नाहीत त्या खोलीलासुद्धा आम्ही नवा कागद लावतो. त्यासाठी मॅलकीनंच पाणी येण्याजाण्याच्या दोन्ही झडपा बंद करून रेडिएटर उतरवला होता. परत बसवताना उघडली एकच.

"टोपी काढ."

"तिला हात लावायचा नसतो, मिसेस."

"तू लावलास तेवढा पुरे. पकड दे इकडे."

झडप गच्च आवळलेली होती. मी ती सोडवली. पाइपात गुळगुळ झालं आणि रेडिएटर हळूहळू तापू लागला.

"बघा, नव्या पंपाचा जोर!" मॅलकी म्हणाला आणि त्यानं चहाबरोबरच्या केकचा आणखी एक तुकडा उचलला.

रविवारी चर्चच्या दारात हेच सांगेल. लोक मान डोलावतील आणि पुन्हा त्यालाच बोलावतील, कारण आपल्या प्रेतामागं गायला कुणी नसेल, ही प्रत्येकाला धास्ती.

डॉक्टरांना फोन करून शनिवारची गाडी नको म्हणून कळवलं. संध्याकाळी अट्रॅक्टाच्या खोलीची खिडकी बोटभर उघडावी लागली.