दादाचा परमुलखातला बांध

माझा थोरला भाऊ रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करायचा. कंत्राट संपलं तेव्हा तो ओळखीतून इटलीला गेला, आल्प्सच्या उतारावरच्या एका द्राक्षमळ्यात. मळा म्हाताऱ्या जोडप्याचा. नेबियोलो नावाची द्राक्षं पिकवायची आणि घराखालच्या तळघरात त्यांची वाइन करायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. डोंगर इतका उभा की दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या. ट्रॅक्टर चढत नसे, सगळं पाठीवर.

"गागोद्याच्या डोंगरावर वरी पेरतात ना, त्याहून उभं हाय," दादा फोनवर सांगायचा.

गेल्या वर्षी द्राक्षतोडणीच्या आधी तिथे पावसाची झड लागली. वरचा बांध ढासळला आणि दादा त्याखाली सापडला.

तिथेच त्याचं दहन झालं. अस्थी घेऊन म्हातारा स्वतः पेणला आमच्याकडे आला. धरमतरच्या खाडीत त्या सोडताना तो आमच्याबरोबर चिखलात उभा होता. घरी आल्यावर ओटीवर बसून मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, "बांध सावरायला मीच त्याला वर पाठवलं. पाऊस थांबू द्यायला हवा होता."

"काय बोलतो गो तो?" आईने विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं.

"इचार त्याला, त्याचा पोरगा कुठं होता?" आई म्हणाली.

मुलगा शहरात नोकरीला आहे, त्याला मळा नको आहे, असं तो म्हणाला.

"मग बांध कोणासाठी सावरायचा होता?"

मी तेही विचारलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली.

आईने त्याला जेवायला वाढलं आणि परसात निघून गेली. निघताना म्हाताऱ्याने पिशवीतून बाटली काढली. दादाने पहिल्या वर्षी तोडलेल्या द्राक्षांची वाइन होती. आईने परसातूनच सांगितलं, "नको. परत ने म्हणावं." बाटली मांडीवर घेऊन तो गाडीत बसला.

उन्हाळ्यात त्याचा फोन आला. वरचे बांध पडीक टाकलेत, वेली वाळल्या, खालचा मळा शेजाऱ्याला विकतोय. मी आईला सांगितलं.

"आता टाकला बांध?" ती एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

म्हाताऱ्याचा फोन अजून येतो. मी अंगणात जाऊन घेते, आईला कळू देत नाही. त्याला बोलायचं असतं, पण बहुतेक वेळा तो रडतच असतो.