फळा लिहिणारा हात

फळा लिहिण्याआधी ते नवा खडू काडकन मोडायचे. "लांब खडू किंचाळतो," म्हणायचे आणि अर्धा तुकडा शर्टाच्या खिशात टाकायचे. तो खिसा आतून कायम गुलाबी-पिवळा.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत जिन्याखाली फळा आहे. पाण्याची वेळ, कुणाचा निकाल, कुणाचं निधन, सगळं त्यावर. मी कमिटीची सेक्रेटरी, म्हणून मजकूर माझा; अक्षर त्यांचं, वरच्या मजल्यावरच्या काकांचं. माझा नऊ मुद्द्यांचा कागद बघून ते म्हणत, "ताई, हा फळा आहे, रेशन कार्ड नाही." मग तीन ओळींत सगळं बसवत. काही सुटत नसे. मी तपासत असे.

लिहिताना ते डाव्या हाताने उजवं मनगट धरत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही ती त्यांची ढब वाटली असती. आम्हाला वर्षानुवर्षं वाटली.

फार पूर्वी, जयंतीला चार दिवस असताना, विहारात तोरण बांधताना ते स्टुलावरून पडले, हातावर. "मुरगळलाय," म्हणाले. बँडेज मीच आणून दिलं. त्या दिवशीच्या माझ्या यादीत 'बँडेज' होतं, 'एक्स-रे' नव्हता. जयंतीचा फळा त्यांनी तसाच पूर्ण केला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षांपूर्वी खडू हातातून गळायला लागला. मग कपही धरवेना. त्यांची मुलगी पुण्याला, म्हणून परळच्या हॉस्पिटलात फाइल घेऊन मी गेले. डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं काजूएवढं हाड तेव्हाच मोडलं होतं, पुढे कधी जुळलंच नव्हतं. त्यामुळे सगळा सांधा घासत गेला होता. आता नुसतं ते हाड जोडून भागणार नव्हतं.

मी लिहून घेतलं. एक: मनगटातली हाडांची एक ओळ काढायची; हात बऱ्यापैकी वळेल. दोन: मोडकं हाड काढून शेजारची चार एकमेकांना जोडायची, पकड राहील, वळणं निम्म्यावर येईल. आतली गादी शाबूत असेल तरच पहिलं. ते उघडल्यावरच कळणार.

"दुखणं जाईल ना?" मी विचारलं.

"बरंच कमी होईल."

त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, वेलांटी येईल?"

बाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "शब्द देत नाही, काका."

ऑपरेशनच्या दिवशी माझ्या यादीतल्या सगळ्या कामांवर खुणा झाल्या: रिपोर्ट, औषधं, मुलीला फोन. तरी दार बंदच. खूण करायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी त्याच खुणा पुन्हा गिरवत बसले. बाई बाहेर आल्या. "गादी झिजली होती. चार जोडली."

प्लास्टर, मग व्यायाम, असे कित्येक महिने गेले. एका सकाळी ते जिन्याखाली उतरले. "मागे कुणी उभं राहू नका," ते पोरांवर खेकसले. मी निघाले, तर म्हणाले, "तुम्ही कमिटी. थांबा."

डाव्या हाताने खडू फळ्याच्या कडेवर आपटून मोडला. 'पाणी' लिहायचं होतं. 'पा' झाला, 'ण' झाला, पण वर जाताना मनगट अडलं. खडू तसाच फळ्याला टेकलेला. बँडेज आणणारी मी शेजारी उभी. मान वर करवेना.

मग त्यांनी कोपर बाहेर काढलं, खांद्यापासून अख्खा हात फिरवला, कमरेत वाकले आणि छत्रीच्या मुठीएवढी वेलांटी काढली. अर्धा फळा एका शब्दात संपला.

"ताई," ते घाम पुसत म्हणाले, "आता तुमचे दोनच मुद्दे."

दोन वर्षं आम्ही दोनच मुद्द्यांत भागवलं.

गेल्या महिन्यात त्यांच्याबद्दलचा मजकूर मलाच लिहावा लागला. रात्रीच कागद तयार केला होता, अकरा मुद्दे. सकाळी फळ्यापुढे उभी राहिले, खडू टेकवला आणि तो किंचाळला. मोडून घेतला. 'कालकथित' लिहिलं, खाली त्यांचं नाव, अंत्ययात्रेची वेळ. खाली बरीच जागा उरली. कागद हातात होता. घडी घालून पर्समध्ये ठेवला.