कच्च्या टाक्यांची पानं

दूध गॅसवर ठेवून काकू मशीनवर बसल्या होत्या आणि शाळेच्या गणवेशांना बाह्या जोडत होत्या. समोर पलंगावर काका उशीला टेकून. घर म्हणजे ही बाहेरची खोली आणि आत स्वयंपाकघर. मशीन आणि पलंग यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. काकांनी चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि कादंबरीबद्दलचा रोजचा प्रश्न टाकला, "काल कुठवर आलो होतो आपण?"

"धाकट्याचं दुकान चालायला लागतंय तिथवर."

"आणि थोरला?"

"थोरला आहे की," असं म्हणून काकूंनी मशीन जोरात पळवली.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात वाचनालयाच्या बाई उभ्या होत्या. एरवी काउंटरमागे बसून असतात म्हणून की काय, उन्हात चालत आलेल्या बाई जरा वेगळ्याच दिसत होत्या. छातीशी एक पुस्तक धरलेलं. काकूंनी कव्हर ओळखलं आणि दार मागे अर्धवट ओढून घेतलं.

"मावशी, रागावू नका हं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे तुम्ही परत केलेलं. पुढे ज्यांनी नेलं त्या काल आल्या माझ्याशी भांडायला. म्हणे, नायकाचे वडील आजारी पडतात आणि पान उलटलं की त्यांच्या खोलीत भाडेकरू. मला वाटलं पानं फाटली असतील. बघते तर शिवलेली."

काकूंनी पुस्तक हातात घेतलं. कडेने पांढरा बारीक कच्चा टाका धावत गेलेला. वर गाठ नाही, ओढला की सुटावा असा. कापड बेतताना तात्पुरता घालतात तसा. परत देण्याआधी तो उसवायचा, हा त्यांचा शिरस्ता. पण मागच्या आठवड्यात गणवेशांची घाई, त्यात शेजारीण वाचनालयाकडे निघालेली, तिच्या पिशवीत पुस्तक टाकलं ते तसंच.

"हळू बोला," काकू पुटपुटल्या.

"ऐकू येतंय मला," आतून काका म्हणाले. "पाय बिघडलेत माझे, कान नाही. बाईंना आत बोलाव की."

काकांनी उभा जन्म शहरबस चालवली. त्यांची बस उशिरा येते म्हणून प्रसिद्ध होती, आणि चुकत नाही म्हणूनही. थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी ते गाडी हळू करायचे, वाकून डावीकडे बघायचे, मगच पुढे. कंडक्टर वैतागायचा. "काका, आज काय खांबालाही तिकीट द्यायचं का?" काकांचं ठरलेलं उत्तर, "कुणीतरी धावत येत असतं रे." घरीही तीच चाल. वर्तमानपत्र वाचायचे ते वरच्या नावापासून थेट तळाच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. हरवले-सापडले, निविदा, काही सोडायचं नाही. काकू म्हणायच्या, "पेपर वाचताय की गिळताय?"

काकूंचं वाचन याच्या उलट. कापड इस्त्रीखाली असताना चार ओळी, गिऱ्हाईक माप द्यायला आत गेलं की अर्धं पान. अशा चोरट्या वेळात वाचणारा माणूस उड्या मारतच वाचणार. सूर्य मावळायला लागला की त्या सरळ रात्रीपाशी जायच्या. नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन आलं की म्हणायच्या, "असतील छान, पुढे बोल." कुणी आजारी पडलं की ती पानंच उलटायच्या. आणि प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान आधी. कोण उरतंय ते बघायचं, मगच पुस्तक घरी न्यायचं. वाचनालयाच्या बाई हसायच्या, "मावशी, तुम्ही पुस्तक घेता की वांगी-बटाटे पारखता?"

मग काकांचं दुखणं आलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, लपवाछपवी केली नाही. येताना रिक्षात काकू बटणांचे भाव किती वाढलेत त्यावर बोलत राहिल्या. त्यानंतर तो विषय या घरात निघाला नाही. म्हणजे काका काढायचे. "मी काय म्हणतो, पुढेमागे..." एवढं म्हणायचा अवकाश, काकू उठायच्या. "दूध!" त्या घरातलं दूध कधी उतू गेलं नाही, पण कायम उतू जायच्या बेतात असायचं.

अक्षरं काकांना फार वेळ सोसेनात, म्हणून काकू त्यांना वाचून दाखवू लागल्या. आणि तिथे पंचाईत झाली. कादंबरी म्हटली की कुणीतरी अंथरूण धरणारच. पहिल्यांदा त्यांनी ती पानं एकदम उलटली, तर बोटं अडखळली आणि आवाजही. शिवाय त्या आत गेल्या की काका पुस्तक हातात घेऊन मागे-पुढे चाळायचे. मग काकूंनी आपल्या हातातली कला वापरली. दुपारी काका झोपले की पुढचं प्रकरण नुसतं नजरेखालून घालायचं, डॉक्टर, श्वास, उशाशी असे शब्द दिसले की पुढचं न वाचता सुई काढायची. चार-सहा पानं मिळून एकच जाड पान व्हायचं, आणि ते कसं सहज उलटायचं.

बाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. आपण काय आणून ठेवलं हे त्यांना आता कळायला लागलं होतं. काकांनी हात पुढे केला. काकूंनी क्षणभर पुस्तक धरून ठेवलं, मग दिलं. काकांनी टाक्यावरून अंगठा फिरवला.

"हात तुझाच," ते म्हणाले. "बाई, दंड काय होतो याचा?"

"छे हो काका, दंड कसला. टाके निघाले की झालं. राहू दे पुस्तक, मी संध्याकाळी घरी जाताना नेईन." बाईंनी चपला घातल्या त्या जवळजवळ चालता चालताच.

दार लागलं. काकू मशीनपाशी जाऊन बसल्या, पण पाय काही पायडलवर ठेवला नाही.

"मी थट्टा करतोय असं समजू नकोस," काका म्हणाले, "पण तुझ्या पुस्तकांत कुणी मरतच नाही गं. म्हातारे खोकतात आणि गायब होतात. एक आत्या तर लग्नात पोटात कळ आली म्हणून आडवी झाली, ती आजतागायत उठली नाही. मी आपला वाट बघतोय तिची."

काकूंना हसू आलं आणि त्याचाच राग आला. "कळलं होतं तर बोलायचं ना."

"कसं बोलणार? तू इतकी मन लावून फसवत होतीस."

"कशावरून कळलं?"

"आवाजावरून. तिथवर आलं की घाईत वाचतेस. घाटात चढ आला की नवशिका गाडी रेटतो ना, तसं."

ड्रॉवरमधून बारीक कात्री काढून काकू पलंगाच्या कडेला येऊन बसल्या, पुस्तक मांडीवर घेतलं. एक टाका कापला, दोरा ओढला. सरसर निघून आला.

"काय आहे त्या पानांत?" काकांनी विचारलं.

"मला काय माहीत. मी कधी वाचलीत?"

"एवढ्या वर्षांत एकदाही?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली. दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "नाही वाचवत मला," त्या म्हणाल्या. "आणि आता तर मुळीच नाही."

"मलाही भीती वाटतेच," काका म्हणाले. ते इतक्या सरळ म्हणाले की काकूंनी वर पाहिलं. "एकट्याने विचार करून करून जास्तच वाटते. लोक कसे काय निभावतात, शेवटी काय बोलतात एकमेकांशी, ते ऐकावंसं वाटतं. तुझ्या तोंडून. मग आपल्यालाही बोलता येईल कदाचित."

आतून दुधाचा आवाज यायला लागला. या वेळी खरोखरच. काकूंचा हात पलंगाच्या कडेवर टेकला, उठण्यासाठी टेकतात तसा.

काकांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"तेवढी पानं वाचून दाखव," ते म्हणाले. "आणि संपेपर्यंत उठू नकोस."