शेजारणीची मूठ

वाशीमच्या मिशन वस्तीत माझ्या शेजारी एक बाई राहायची. काहीही करण्याआधी डोळे मिटून म्हणायची, "थांब वं, देवाले इचारू दे." वांगं रांधू की चवळी, हेही वर विचारायची. आणि तिला उत्तर मिळायचं! मी गुडघे सोलेपर्यंत प्रार्थना करायचे, पण देव माझ्याशी चकार शब्द बोलला नाही. नुसती जळायचे मी.

रोज दळण काढताना मूठभर ज्वारी देवळासाठी घरच्या मडक्यात टाकायची आणि रविवारी उपासनेला ते मडकं चर्चमध्ये न्यायचं, ही आमची रीत. तिची मूठ एवढीशी, पण रविवारी मडकं तिचंच भरलेलं.

एका शनिवारी ती दारात आली. "घरात दाणा नाई. मडक्यात हात घातला होता, पण देवाचं हाय ना, वापस काढला. दोन मुठी जवारी उसनी दे माय."

माझी कणगी गच्च भरलेली. मी म्हणाले, "आमच्याच कणगीचा तळ दिसून राह्यला." ती गेल्यावर सूपभर ज्वारी माझ्या मडक्यात ओतली. केवढी मी भक्तीण!

रविवारी पाळकांनी माझं मडकं उचलून सगळ्यांना दाखवलं. ती डोळे पुसत होती. म्हटलं, जळली एकदाची!

सोमवारी संध्याकाळी ती ओच्यात ज्वारी घेऊन आली. "निंदाले गेलती, मजुरीत भेटली. तू घरातलं सारं देवाले देल्लं, अन् मी तुलेच मांगाले आलती! देवाले इचारलं, हे कोनाले देऊ, तर त्यानं तुयंच नाव घेतलं."

कणगी दिसू नये म्हणून मी दार अडवून उभी राहिले, आणि पदर पसरला.