कबुतरांच्या खिडकीतली सीडी

सहादेव इंगोले यांना बसलेलं मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे पाहायची संधी भरपूर. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, सोसायटीच्या मीटिंगला दाराशी टेकून. उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला. कोणी अडकलंय म्हणून फोन आला की ताट सारून पळायचे. ते रिटायर झाले, पाय मात्र झाले नाहीत. ते घरात आले की मलाच दम लागतो.

शनिवारी दुपारी ते बेल न वाजवताच आत शिरले. हातात एक सीडी.

"आत्मारामभाऊ, हिचा आवाज खराब यायलाय."

हिचा म्हणजे वैजयंतावहिनींचा. दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला स्मृतिदिन होता. बुद्धवंदना झाली की वहिनींनी गायलेलं भीमगीत लावायचं, असं त्यांच्या मुलीने, पंचशीलाने ठरवलं होतं. वहिनींचा आवाज म्हणून या घराकडे तेवढंच होतं. अठरा वर्षांपूर्वी महिला मंडळाने भाईंदरच्या एका स्टुडिओत केलेलं चार मिनिटांचं एक गाणं. वर्षभर ते लावायचं सहादेवरावांना धाडसच झालं नव्हतं. शुक्रवारी लावलं, तर शेवटच्या कडव्यात नुसती चिरचिर.

"स्पीकर बदलला. वायर बदलली. खालच्या साईराजच्या गाडीत लावून बघितली. तिथंबी तेच!" हे सांगताना त्यांच्या माझ्या खिडकीपर्यंत तीन फेऱ्या झाल्या.

सीडी ड्राइव्ह असलेला जुना कॉम्प्युटर अख्ख्या इमारतीत माझ्याकडेच उरलाय. पोरं हसतात, पण अडलं की माझ्याकडेच येतात. मी सीडी उजेडात धरली. एक ओरखडा नाही. लावली, तर तीन मिनिटं दहा सेकंदांवर चिरचिर सुरू. परत लावली, पुन्हा त्याच सेकंदाला. सीडी स्वच्छ आणि खरखर प्रत्येक वेळी त्याच जागी, म्हणजे खरखर सीडीवर साचलेली नव्हती, गाण्याबरोबर कॉपी झाली होती. आता कितीही पुसा.

आणि ही कॉपी काढली होती याच कॉम्प्युटरवर. मीच. वहिनी गेल्या त्या आठवड्यात सहादेवराव मूळ सीडी घेऊन आले होते आणि माझ्या डोक्यावर उभे राहून "झालं का, झालं का" करत होते. मी वैतागून सगळ्यात जास्त स्पीड निवडला. दोन मिनिटांत सीडी बाहेर. ऐकून बघायचं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. मी बापडा दुसऱ्यांना शहाणपण शिकवतो!

"मूळ सीडी आणा," मी म्हणालो. "यावेळी सावकाश काढू."

सहादेवराव पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले.

"ती... कबुतरांना लावलीय."

आमच्याकडे कबुतरांनी उच्छाद मांडलाय. त्यावर घराघरांत एकच उपाय, जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून खिडकीत टांगायच्या. चमचम बघून कबुतरं येत नाहीत म्हणे. सहादेवरावांनी चार महिन्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच टांगल्या होत्या. कॉपी आहे, मग जुनी ठेवून करायचं काय, असा हिशेब. "आत्ताच्या आत्ता सगळ्या काढून आणा!" मी ओरडलो.

ते पाचही घेऊन आले. तेलकट, धुळकट, वर कबुतरांचा प्रसाद. तिसरीवर वहिनींच्या अक्षरात मंडळाचं नाव होतं. ती खिडकी सावलीतली, उन्हाने सीडी करपली नव्हती, एवढंच नशीब. सहादेवराव शर्टाच्या टोकाने ती गोल गोल घासायला लागले. मी हिसकावूनच घेतली. गोल पुसलं की सीडी वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच लांब ओरखडा पडतो. साबणाच्या पाण्याने धुतली आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे, सरळ पुसली. कॉम्प्युटरवरचं बाकी सगळं बंद केलं. स्पीड सगळ्यात कमी. चुकलेली जागा परत परत वाचायच्या पर्यायावर खूण केली.

गाणं चार मिनिटांचं, पण तास उलटला. कॉम्प्युटर एकेका जागी अडत होता, घरघरत होता. सहादेवराव खिडकीत, दारात, जिन्यात, परत खिडकीत.

"फेल गेलं तर? पोरीला काय तोंड दाखवू? तिच्या आईचा आवाज मी कबुतरांना टांगला!"

"बसा हो जरा!"

"बसून काय फास्ट होणारंय?"

कॉपी संपली. लावली. तीन मिनिटं दहा. शेवटचं कडवं स्वच्छ आलं. वहिनींनी वरचा सूर लावला आणि अलगद सोडला. ढोलकी थांबली. सवयीप्रमाणे सहादेवरावांचा हात बंद करायला पुढे आला. गाणं पुरतं संपायच्या आत बटण दाबायचं, ही त्यांची घरातली जुनी खोड. मी हात धरला, कारण अजून सहा-सात सेकंद शिल्लक होते. स्टुडिओवाल्याने शेवट कापलाच नव्हता.

दोन सेकंद शांतता. मग वहिनींचा बोलण्यातला आवाज, दमलेला आणि हसरा.

"अहो, झालं सगळं. बसा की आता जरा."

त्या दिवशी स्टुडिओत काचेपलीकडे येरझारा घालणारा माणूस कोण असणार, हे मला विचारावं लागलं नाही.

सहादेवराव माझ्या कॉटवर बसले. मांडीवर हात ठेवून, बसमध्ये बसतात तसे. "परत लावा," म्हणाले. मी लावलं. मग शेवटचं तेवढंच पुन्हा. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी स्क्रीनकडेच बघत राहिलो.

त्यांचा मोबाइल वाजला. पंचशीलाचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "पप्पा, झालं का? किती वेळ? लवकर या ना!"

"झालं, बाळा," ते म्हणाले. "येतो. जरा बसलोय."